सात किलोमीटरवरची पाहुणी

माझे वडील, नाना, चुकलेल्या शब्दाखाली जी लाल रेघ ओढतात, ती अक्षरांपासून साधारण दोन मिलिमीटर खाली असते आणि शब्द संपतो तिथेच संपते. पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्राचे पेपर तपासलेल्या हाताची ती सवय आहे आणि शहात्तराव्या वर्षीही ती टिकून आहे. त्या रविवारी सकाळी टेबलावरच्या पत्रात शेवटच्या तीन शब्दांखाली मात्र दोन रेघा होत्या. दुसरी रेघ शब्द संपल्यावरही थांबली नव्हती, कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

पत्र एस्पेरांतोत होतं. ही भाषा मुद्दाम बनवलेली आहे. ती कोणत्याच देशाची नाही, म्हणून जगातल्या कोणीही शिकावी आणि कोणाला कोणापुढे कमीपणा वाटू नये, अशी त्यामागची कल्पना. नाना ती कॉलेजात असताना टपालाने पुस्तिका मागवून शिकले. पुढे आमच्या गंगापूर रोडच्या घरात हॉलमध्ये सतरंजी टाकून ते दर रविवारी फुकट वर्ग घ्यायचे. पहिल्या दिवशी ते फळ्यावर एकच शब्द लिहीत. ‘मी’. एस्पेरांतोतही ‘मी’ म्हणजे मीच. “बघा, पहिला शब्द तुम्हाला आधीच येतो,” असं म्हणून ते खडू खाली ठेवायचे. त्यांचा तो आनंद मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला आहे.

या भाषेच्या लोकांची एक यादी असते. जे प्रवाशांना घरी उतरवून घ्यायला तयार आहेत, त्यांची नावं तिच्यात असतात. नानांचं नाव १९९४पासून आहे. त्यांच्या अटी त्यांनी स्वतः लिहिल्या आहेत: जास्तीत जास्त दोन पाहुणे, तीन रात्री, देश-धर्म-जात विचारली जाणार नाही, भाकरी खावी लागेल. आजवर एकेचाळीस माणसं राहून गेली. लिथुआनियाचा एक म्हातारा आईच्या ठेच्याने रडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून खाल्ला. टोगोचा एक शिक्षक स्वयंपाकघरात बसून आईला लसूण सोलून द्यायचा. आई निफाडकडची मराठी बोलायची, तो त्याची भाषा, आणि दोघांना नानांची काही गरज पडायची नाही.

मी दिंडोरीजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचे अंश किती उरले, हे तपासणं माझं काम. प्रत्येक रसायन यंत्रातून आपापल्या ठरलेल्या वेळी बाहेर पडतं. त्या वेळेवरून ते ओळखायचं. नानांचा छंद याच जातीचा आहे. चुकांवरून ते लिहिणाऱ्याची मातृभाषा ओळखतात. इंग्रजीवाला कर्माचा प्रत्यय विसरतो. रशियन आणि पोलिश माणूस नामाआधीचं उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं, गाळतो, कारण त्याच्या भाषेत ते नसतंच. नाना सहसा तिसऱ्या पत्रात ओळखतात.

जूनपासून त्यांना ‘ए. एन.’ अशी सही करणाऱ्या एका मुलीच्या ईमेल येत होत्या. नाना त्या समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणत, लाल शाईने तपासत आणि मला फोटो काढून परत पाठवायला लावत. ए. एन. उपपदं गाळत होती. “पोलंड,” नाना म्हणाले होते. “नाहीतर झेक. वय कमी आहे, प्रश्न फार विचारते. पण हे शेवटचं काय आहे ते कळत नाही.”

शेवटी ती लिहायची, “नुन मी वेनास.” म्हणजे, आता मी येते.

“निघताना ‘मी इरास’, मी जाते, असं लिहावं,” नानांनी समासात लिहिलं. तिने दोन पत्रं ऐकलं. तिसऱ्यात पुन्हा, नुन मी वेनास.

मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. आणि मी गप्प होते.

निकिता माझी मोठी बहीण. तिचं नाव नानांनी सोव्हिएत रशियातल्या पत्रमित्राच्या नावावरून ठेवलं. मित्र पुरुष आहे हे पुढच्या वर्षी फोटो आल्यावर कळलं, तोवर बारसं होऊन गेलं होतं. रविवारच्या वर्गात सगळ्यात हुशार दोघंच होती, निकिता आणि नानांच्याच शाळेतला नौशाद. अठरा वर्षांपूर्वी त्या दोघांनी लग्न केलं. नौशाद द्राक्षबागांतले फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करतो. ती दोघं वडाळ्यात राहतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या घरापासून सात किलोमीटरवर. लग्नानंतर नाना ओरडले नाहीत, रडले नाहीत. त्यांनी वर्ग बंद केला, सतरंजी माळ्यावर टाकली आणि निकिताचं नाव घेणं थांबवलं. पाहुणे मात्र येत राहिले.

निकिताची मुलगी आलिमा अकरावीत आहे. एप्रिलमध्ये तिने मला विचारलं, “मावशी, नानांच्या जुन्या वर्गाच्या नोट्स आहेत का गं तुझ्याकडे?” मी दिल्या. का हव्यात ते विचारलं नाही. प्रयोगशाळेतही मला विचारतात तेवढंच मी कळवते.

त्या रविवारच्या पत्रात आलिमाने नेहमीपेक्षा वेगळं लिहिलं होतं. नानांनी मला वाचायला दिलं. मराठीत त्याचा अर्थ असा:

“आदरणीय यजमान, यादीत तुमचं नाव आणि अटी वाचल्या. दिवाळीच्या सुट्टीत मला तुमच्याकडे दोन रात्री राहता येईल का? कुठून येणार ते विचारू नये, असं तुम्हीच लिहिलं आहे. भाकरी मी खाते. उत्तर नियमाप्रमाणे सात दिवसांत द्यावं. आता मी येते.”

“बघ,” नाना म्हणाले. “पुन्हा तेच. मी येते. आणि अजून तर निघालीच नाहीये.”

मी कागद खाली ठेवला. काही बोलायचं तर हीच वेळ होती. इतक्यात आई डबा घेऊन बाहेर आली, चप्पल घातली आणि दारातून म्हणाली, “येते वो मी. गिरणीत जाऊन येते.”

नाना दाराकडे बघत राहिले. आई दोन पायऱ्या उतरली असेल.

“सगुणा,” त्यांनी हाक मारली. “काय म्हणालीस?”

“गिरणीत चालले म्हटलं. कानबिन गेले का?”

“नाही. आधी. निघताना काय म्हणालीस?”

“येते म्हटलं. मंग काय जाते म्हणू? जाते कोण म्हनतं घरातून निघताना?”

नानांनी टेबलावरचं पत्र पुन्हा उचललं. चष्मा काढला, पुसला, घातला. मराठीतही नामाआधी उपपद नसतं. पोलिश माणूस करतो ती चूक मराठी माणूसही करतो. निघताना ‘येते’ म्हणणारी मुलगी मात्र पोलंडमध्ये सापडणार नाही. नावापुढचं अक्षर वडिलांचं धरलं, तर त्यांच्या वर्गातून गेलेला ‘एन’ एकच होता. ही सगळी जुळणी ते मनात करत होते आणि मला ती त्यांच्या चेहऱ्यावर टप्प्याटप्प्याने दिसत होती.

“ए. एन.,” ते म्हणाले. “एन म्हणजे नौशाद.”

“हो.”

“ए?”

“आलिमा.”

“तुला माहीत होतं.”

“पहिल्या पत्रापासून.”

“म्हणजे तू त्यांच्याकडे जातेस.”

“अठरा वर्षं, नाना.”

आई डबा घेऊन परत आत आली होती. तिने तो जमिनीवर ठेवला. “मी बी जाते,” ती म्हणाली. “मंगळवारच्या मंगळवारी. तुमाला काय वाटलं, गंगापूर रोडला भाजी मिळत नाय म्हणून मी शहराच्या त्या टोकाला मेथी आणाया जाते?”

नाना आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. रागावले असतील असं मला वाटलं, पण तो राग नव्हता. वर्गात एखादं गणित सगळ्यांना आलेलं असावं आणि फळ्यावर आपणच अडून राहावं, तसे ते दिसत होते.

“म्हणजे मी एकटाच...”

“एकटेच,” आई म्हणाली. “साऱ्या जगात.”

नाना उठून खिडकीशी गेले. मग परत येऊन बसले. “यादी प्रवाशांसाठी आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या गावाहून येणाऱ्यांसाठी. वडाळ्याहून गंगापूर रोडला येणं हा प्रवास नाही. मला नकार देता येतो.”

“द्या की,” आई म्हणाली.

त्यांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. नकाराचा एक छोटा फॉर्म असतो. कारण निवडावं लागतं: आजारपण, यजमान बाहेरगावी, जागा नाही. अंतराबद्दल काही नव्हतं. इतर कारण लिहायला रिकामी ओळही नव्हती.

“तुम्ही आजारी आहात का?” मी विचारलं.

“नाही.”

“बाहेरगावी जाणार आहात?”

“दिवाळीत कुठे जाणार?”

“जागा?”

मागची खोली तिघांनाही दिसत होती. दोन खाटा, धुतलेल्या चादरी. मागच्या महिन्यात ब्राझीलची बाई राहून गेली, त्यानंतर आईने ती पुन्हा लावून ठेवली होती.

नानांनी पस्तीस वर्षांत कोणाला एक गुण फुकट दिला नाही आणि एक गुण उगाच कापला नाही. ते खोटी खूण करणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, म्हणून ते पडद्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते.

“यादीतून नाव काढून टाक,” शेवटी ते म्हणाले.

“एकतीस वर्षांनी?”

“काढ म्हणतो ना.”

मी हात कीबोर्डवरून उचलला. मी त्यांच्याशी आयुष्यात फार कमी वेळा वाद घातला आहे. “काढते,” मी म्हटलं. “पण मला एक सांगा. तुम्हाला नौशादचा एवढा राग आहे?”

आईने ओट्यावरून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

“नौशादचा राग कधीच नव्हता,” नाना म्हणाले. “वर्गातला सगळ्यात चांगला मुलगा. कर्माचा प्रत्यय एकदाही विसरला नाही.” त्यांनी तांब्या जवळ ओढला. “लग्नानंतर निफाडहून भावकी आली होती. तुला आठवतं? इथे, याच हॉलमध्ये बसली. गेणूकाका म्हणाला, जगाची भाषा शिकवता शिकवता पोरगी दिली वाटतं सरांनी. सगळे हसले. मीही हसलो.”

आईने पदर तोंडाला लावला. हे तिलाही नवं होतं.

“मी हसलो,” नाना पुन्हा म्हणाले. “तिथेच सांगायला हवं होतं की हो, दिली. आनंदाने दिली. नाही सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग महिन्याने. एखादी गोष्ट पहिल्या दिवशी नाही बोललो, की दर दिवशी ती बोलणं जास्त अवघड होतं. वर्ग बंद केला तो भाषेची बदनामी नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला गेणूची भीती वाटली.”

“गेणूभावजी जाऊन सात वर्षं झाली,” आई म्हणाली.

“माहीत आहे. दहाव्याला गेलो होतो.”

“मंग आता कोणाला भेता?”

आई थांबली नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट भाजी निवडताना बोलावं तसा होता. “टोगोचा माणूस आला, मी ताट वाढलं. ती जपानी नवरा-बायको आली, तुमी त्यांचे पाय दुखतात म्हणून गरम पानी दिलं. लय चांगलं केलं. पन तीन रात्री झाल्या की ती जातात. त्यांच्यापायी कोण भावकीत हसत नाय. टोगोचा चालतो अन् वडाळ्याचा चालत नाय, हे मला अडाणी बाईला कळत नाय. तुमी सर हाय, तुमी समजावा.”

नानांनी पत्र हातात घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले, या वेळी पेन न उचलता. वाचताना एका ठिकाणी त्यांचा ओठ हलला. भाकरीची ओळ असावी.

“हस्ताक्षर कसं आहे तिचं?” त्यांनी मला विचारलं.

“नौशादसारखं. डावीकडे झुकलेलं.”

“भौतिकशास्त्र घेतलंय?”

“घेतलंय. आवडत नाही म्हणते.”

“शिकवणारा चांगला नसेल.”

आई हसली. नाना हसले नाहीत, पण ते पाणी प्यायले आणि त्यांनी तांब्या जागेवर ठेवला.

“काय उत्तर टाकू?” मी विचारलं. “होकार? दोन रात्री?”

“नको,” ते म्हणाले.

आई उठून उभी राहिली.

“दोन रात्रींची पाहुणी म्हणून नको,” नाना म्हणाले. “फॉर्म बंद कर. नौशादचा नंबर असेल तुझ्याकडे.”

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. पलीकडे कुठला तरी ब्लोअर सुरू होता, त्या आवाजातून नौशाद मीच बोलतेय असं समजून मोठ्याने म्हणाला, “हां ताई, बोला. रविवारी कशी काय आठवण?”

“नौशाद, मी खंडेराव बोलतोय.”

ब्लोअर बंद झाला. “सर?”

नानांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “निकिताला आणि आलिमाला घेऊन घरी या,” ते म्हणाले. “तूही ये. आजच या.”