लोटीभर पाण्याचा आकडा

मी एक जुना पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी मित्रांनो, मी म्हणजे पत्र्याचं एक नळकांडं, वर नरसाळं आणि पोटात बाटली. १९९६ साली हिंगोलीत पत्रेकाम करणाऱ्या चाँद पाशांनी मला डाग देऊन जोडलं आणि त्याच भागातल्या गोरेगावजवळच्या एका वाडीतले किशनराव मला मांडीवर घेऊन जीपने गावी आले. त्यांच्या अंगणात मी उभा राहिलो.

माझ्यातलं पाणी किशनराव रोज सकाळी काचेच्या मापात मोजत आणि शाळेच्या भिंतीवर खडूने आकडा लिहीत. पाऊस लहरी झाला होता, म्हणून गावाने नियमच ठरवला होता. दसऱ्यापर्यंत सहाशे मिलिमीटर भरले तर विहिरींवर गहू, नाही भरले तर सगळ्यांचा कमी पाण्यावर येणारा हरभरा. त्यामुळे उन्हाळ्यातही प्यायला पाणी उरायचं. तेव्हा माझा काय थाट होता! येणारा-जाणारा विचारायचा, "काय म्हणून राहिलं आपलं डबडं?"

२००४ साली मात्र आकडा पाचशे ऐंशीवर अडला. किशनराव दोन दिवस लेकीकडे गेले आणि त्याच रात्री थोडी भुरभुर झाली. सकाळी ओली अंगणं सगळ्यांनी पाहिली, पण किती पडली ते मलाच ठाऊक. तळ ओला झाला, इतकीच. सकाळी त्यांच्या पत्नी जनकाबाई माझ्यात डोकावल्या. शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत न करणारी ती बाई. माझं रिकामं पोट तिला पाहवलं नाही. तिने हातातली लोटी माझ्यात ओतली. मायेनेच ओतली. माझं तोंड सदा उघडं, पण त्यातून शब्द फुटला नाही.

किशनराव परतले, पाणी मोजून हरखले आणि भिंतीवर सहाशे बारा लिहून आले. गावाने गहू पेरला.

पौषात विहिरींनी तळ गाठला. ओंब्या भरायच्या आत गहू वाळला. शेजारचे सोनाजी अंगणात येऊन कडाडले, "किशनराव, तुमचं डबडं लबाड हाय!"

किशनराव घरात वळले तर जनकाबाई रडत होत्या. "अवो, मीच पानी वतलं व्हतं. रिकामं भांडं बघवलं न्हाई मला."

किशनराव बाहेर येऊन म्हणाले, "आकडा मी लिवला, सोनाजी. चूक माझी हाय."

त्यानंतर आकडा कुणी विचारला नाही. भिंतीला चुना दिला गेला. दोन वर्षांनी किशनरावही गेले. फार एकटं वाटतं मित्रांनो. पाऊस पडतो, मी थेंब न् थेंब साठवतो आणि किती झाला म्हणून विचारायला कुणी येत नाही.

फक्त जनकाबाई येतात. त्यांना अक्षरओळख नाही, मापावरच्या रेघा कळत नाहीत. नरसाळ्यातला पाला काढतात, बाटली उन्हात धरून पाहतात. हातातली लोटी मात्र पेरूच्या झाडाला घालतात. "रिकामा तर रिकामा ऱ्हाय बाबा, पर खरं सांग," म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या गावात माझा कुणी भाऊबंद असेल तर रोज सकाळी त्याच्याकडे जा. त्याच्या रिकाम्या पोटाची दया करू नका. ते किती रिकामं आहे, तेवढं मात्र गावाला सांगा.