शून्य ते साठ, गणपतीसह

सुयशचं म्हणणं असं की माझा वेग कमी झालाय. माझं म्हणणं असं की गाडीचा झालाय. सुयश आमचा मुलगा. तो पुण्यात असतो, आणि पुण्यात राहणाऱ्या मुलाला इथल्या बापाचं सगळं तिथून दिसतं. दिवाळीत तो माझ्या शेजारी बसून गारखेड्याहून क्रांती चौकापर्यंत आला. सिग्नल हिरवा झाला, मागचे रिक्षावाले हॉर्नवर अंगठा ठेवून बसले, आणि आमची गाडी निघायला जेवढा वेळ लागला त्यावरून त्यानं निदान केलं: बाबांनी आता गाडी विकावी आणि लागेल तेव्हा रिक्षा बोलवावी.

"गाडीचं पिकअप गेलंय," मी म्हणालो.

"कुणाचं गेलंय ते मोजू ना," सुयश म्हणाला.

त्यानं माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलं. फोनच्या पोटात म्हणे सेन्सर असतात, त्यांना हिसका कळतो. फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला अडकवायचा. गाडी हलली की घड्याळ आपोआप सुरू, वेग ताशी साठ झाला की आपोआप बंद. एकच गाडी आधी अन्सारनं चालवायची, मग मी. अन्सार माझ्याच वयाचा. कॉलेजात तो इतिहास शिकवायचा, मी भौतिकशास्त्र. दोघांचे आकडे सारखे आले तर गाडी आणि किल्ली माझ्याकडे. माझा आकडा मागं पडला तर गाडी विकायची. मी लगेच कबूल झालो. अकरावीच्या पोरांना त्वरण शिकवण्यात माझी हयात गेली. त्वरण मला ओळखत असेल, असा माझा समज होता.

सुयश पुण्याला परतल्यावर एका रविवारी सकाळी मी, बायको सरोजिनी आणि अन्सार शेंद्र्याला गेलो. तिथल्या एमआयडीसीत पुढं येणाऱ्या कारखान्यांसाठी आधीच रुंद रस्ते करून ठेवलेत. सध्या त्यावर शेळ्या येतात.

अन्सार एकटाच बसला आणि सुटला. पंधरा सेकंद. मग मी बसलो, शेजारी सरोजिनी. बावीस.

"दबाया की नहीं तू?" परत आल्यावर अन्सारनं विचारलं.

"पार तळाला टेकवला पाय."

"फिर?"

परत केलं. तेवीस. मी वाऱ्याची दिशा पाहिली. रस्त्याला चढ आहे का, म्हणून पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली; ती जागेवरच राहिली. अन्सारनं परत चालवली. परत पंधरा. म्हणजे गाडी ठणठणीत होती. त्या शेळ्यांसमोर मला स्वतःबद्दल शंका यायला लागली. शेवटी एकच कारण शिल्लक राहिलं, आणि ते शेजारच्या सीटवर बसलं होतं.

"तू जरा उतरतेस का?" मी सरोजिनीला म्हणालो. "वजनाचा फरक पडतो. शास्त्र आहे."

"इतकी वर्षं बसतेय शेजारी. शास्त्राला आजच जड झाले का?"

पण उतरली. पर्स सीटवर ठेवून माझ्या खिडकीशी उभी राहिली. मी गाडी सुरू केली आणि नेहमीसारखा डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात लावला, तो कपाळाला, मग दोन्ही डोळ्यांना, मग छातीला, आणि क्लच सोडणार तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"अहो, गाडी उभी आहे आणि आकडे पळताहेत."

मी फोनकडं पाहिलं. खरंच पळत होते. गणपती आणि फोनचा स्टँड शेजारी शेजारी चिकटवलेले. देवाला लागलेला हात फोनलाही पोचत होता, आणि फोनला वाटत होतं आपण निघालो. माझा सगळा नमस्कार तो गाडीच्या नावावर लावत होता.

"मैं तो मन में बिस्मिल्ला बोला," अन्सार म्हणाला. "किसी चीज को हाथ नहीं लगाया बाबा."

सरोजिनी माझ्याकडं बघत राहिली. वजनाचा विषय मी परत काढला नाही.

उपाय सोपा होता: आधी नमस्कार, मग ॲप. मी तसं केलं. मनापासून नमस्कार केला, ॲप चालू केलं, किल्ली फिरवली, आणि हात परत गणपतीवर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हात मला विचारतच नव्हता.

"हाथ बांधू क्या तेरा?" अन्सार म्हणाला.

"त्यापेक्षा गणपतीच काढा," सरोजिनी म्हणाली. तिनंच तो हलवत हलवत सोडवला. आता ठेवायचा कुठं? अन्सारनं खिशातून घडीचा रुमाल काढून पसरला. "लाओ वहिनी, इधर. गिरने नहीं देता." आणि लोकांचं तान्हं बाळ धरावं तसा दोन्ही हातांत धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

मी किल्ली फिरवली. हात निघाला, अर्ध्यावर त्याला गणपतीच्या जागी उरलेला टेपचा पिवळा चौकोन दिसला, तो घुटमळला आणि मुकाट्यानं गिअरवर आला. मी गाडी सोडली.

पंधरा. अन्सारइतकेच.

मी कडेला थांबून स्क्रीनचा फोटो सुयशला पाठवला. मग तसाच पुढं निघालो. रस्ता मोकळा होता, इंजिन छान बोलत होतं, आणि दिवाळीपासून माझ्यावर असलेला आळ गेला होता. मी तिसरा गिअर टाकला, मग चौथा. जालना रोड आला तसा मी त्याला लागलो. करमाडच्या अलीकडं फोन वाजला. नियम पाळणारा माणूस म्हणून मी गाडी बाजूला घेतली.

"मानलं बाबा," सुयश म्हणाला. "गाडी तुमचीच. खरं सांगू का, मला पिकअपची नाही, तुमच्या लक्षाची काळजी वाटत होती. पण तुम्ही एकदम शाबूत आहात."

"मग, म्हणत नव्हतो?"

"आईला द्या ना जरा."

मी शेजारच्या सीटकडं पाहिलं. तिथं पर्स होती.

"आई मागं आहे," मी म्हणालो.

"मागच्या सीटवर?"

"त्याच्याही मागं."

"बाबा, तुम्ही आहात कुठं?"

"करमाडला."

"आणि आई?"

"अन्सारबरोबर आहे. गणपतीपण तिथंच आहे," मी म्हणालो. एवढ्यानं त्याचं समाधान व्हायला हवं होतं. "आणतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि किल्ली फिरवली. हात वर गेला. या खेपेला तो कुठं लावायचा ते मलाही कळेना, हातालाही.