साडेबाराचे बारा

मी एक मोजणारा कागद आहे, आणि आयुष्यात मी एकही माप बरोबर सांगितलेलं नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं.

पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला बारीक दात असतात ना, ते दोन सेंटीमीटरमध्ये किती बसतात हे सांगणं माझं काम. जाणकार मला परफोरेशन गेज म्हणतात. माझ्या अंगावर ठिपक्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेपुढे आकडा: आठ, साडेआठ, नऊ, असं सोळापर्यंत. तिकिटाची कड रांगेवर ठेवायची आणि खालीवर सरकवायची. ज्या रांगेत प्रत्येक भोकात एकेक ठिपका नेमका बसेल, तो आकडा खरा. एवढं भारदस्त नाव आणि एवढे आकडे अंगावर असले की कुणाच्याही डोक्यात हवा जाईल. माझ्या तर जन्मतःच गेली.

माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानातला. आमच्या बाईंनी माझी फाईल छापायला दिली. दुकानदार मोठा सालस माणूस. म्हणाला, "कडा कापल्या जातील हो. जरा पानात बसवून काढतो."

"काढा," बाई म्हणाल्या.

त्या 'जरा'मध्ये मी शंभराला चारने आखडलो. सगळ्या रांगा, सगळे ठिपके. मला याचा पत्ताच नव्हता. यंत्रातून गरम गरम बाहेर आलो तेव्हा वाटलं, जगात आता कुणाला मापात फसवता येणार नाही.

बाई दाताच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. दिवसभर माणसांचे दात, संध्याकाळी तिकिटांचे. वडिलांचा अल्बम नऊ वर्षं त्यांच्या दादाकडे होता. दादा घर बदलत होते, म्हणून त्यांनी तो पाठवून दिला होता. सोबत चिठ्ठी: 'तुला आवड आहे. तूच ठेव.' वडिलांनी प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने दातांचं माप लिहिलेलं होतं.

बाईंनी आधी काढलं ते निळ्या दीपगृहाचं तिकीट. वडिलांचं सगळ्यात लाडकं. त्याखाली लिहिलं होतं, साडेबारा. बारा दातांचं दीपगृह कुठेही ढिगाने मिळतं, साडेबाराचं शोधून सापडत नाही. बाईंनी चिमट्याने ते अलगद माझ्यावर ठेवलं. साडेबाराच्या रांगेत तिसऱ्या भोकापासूनच ठिपके भरकटले. बाराच्या रांगेत मात्र सगळे शाळेतल्या मुलांसारखे ओळीत बसले.

"बारा," मी छाती काढून सांगितलं. म्हणजे छाती असती तर काढली असती.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "दादा, बाबांच्या अल्बममधल्या एका तिकिटाला तू हात लावलायस. खरं सांग."

पलीकडून दादांचा बारीक आवाज आला, "तुला कळलं तर."

बाईंनी फोन ठेवून दिला. त्यानंतर दादांचे चार फोन आले. बाईंनी एकही उचलला नाही. दिवाणावर बसून त्या नुसत्या रडत होत्या. "मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? बदलून कशाला ठेवायचं?"

आणि मी? मी टेबलावर ऐटीत पडून होतो. चोर पकडून दिला होता ना!

चार महिने बहीणभाऊ बोलले नाहीत. तेवढ्या काळात बाईंनी उरलेला अल्बमही मोजून काढला. चौदाचं तिकीट साडेतेरा भरलं, अकराचं साडेदहा, पंधराचं साडेचौदा. प्रत्येक वेळी मी तितक्याच ठामपणे बोललो.

"एकसुद्धा सोडलं नाही त्याने!" बाई ओरडल्या.

त्यांचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "दोनशे तिकिटं? अगं, तुझ्या दादाला स्वतःचे मोजे जोडीने सापडत नाहीत. आणि प्रत्येक तिकीट बरोब्बर अर्ध्यानेच कमी? दाखव बघू तो कागद."

"अहो, त्याचं माप छापील आहे."

"छापील आहे म्हणून तर बघतो."

माझ्या पायाशी एक रेघ आहे. तिच्याखाली लिहिलंय, 'ही रेघ दहा सेंटीमीटर भरली पाहिजे.' ते इतके दिवस कुणीच वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मास्तरांनी तिच्यावर पोलादी पट्टी ठेवली आणि चष्मा वर केला.

"नऊ पूर्णांक सहा. कापड आटतं हे ठाऊक होतं मला. रेघ आटलेली पहिल्यांदाच बघतोय."

त्या क्षणी कुणी माझा बोळा केला असता तर मी उपकार मानले असते. कुणी केला नाही. बाई चप्पल घालून तशाच दुकानात गेल्या आणि नवा कागद काढून आणला. "मूळ मापात काढा, काही बसवू नका," असं म्हणून त्या यंत्राशेजारी उभ्याच राहिल्या म्हणे. नव्याची रेघ दहा भरली. दीपगृह साडेबारा भरलं.

बाईंनी फोन करून बोलावलं, आणि रविवारी दादा आले. दारातच बाई म्हणाल्या, "चूक कागदाची होती, दादा. नाही, माझीच. कागद काय, काहीही म्हणेल. मी तुझं ऐकून तरी घ्यायचं होतं." मग त्यांना आत बसवत म्हणाल्या, "पण 'तुला कळलं तर' असं तू का म्हणालास?"

दादांनी अल्बम ओढला, पानं उलटली आणि लाल जहाजाच्या तिकिटावर बोट ठेवलं. खालच्या कोपऱ्यातला एक दात नव्हता. "दहा वर्षांचा होतो. बघायला काढलं आणि तुटला. बाबांना सांगायचं राहून गेलं. मग बाबाच गेले."

ते जहाज मी मोजलं होतं बरं का. माप तर चुकवलंच, वर तुटका दातही मला दिसला नव्हता.

बाईंनी चिमट्याने तिकीट उचललं आणि पहिल्यांदाच उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं: 'दात तुटला. थोरला. आठ दिवस जेवताना मान वर करत नाहीये. विचारणार नाही.'

दादांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले. तो बराच वेळ स्वच्छ होत नव्हता. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. चहा मास्तरांनी केला.

माझं म्हणाल तर मी अजून याच घरात आहे. फाडून टाकायचं कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या ऐटीवर जाऊ नका. आधी त्याला पट्टी लावा, आणि फोन नंतर करा.

त्याच रविवारी दुपारी मास्तरांनी मशीनला नवी सुई लावली. ती तपासायला कागद हवा होता. हाताशी मीच होतो. दोरा न घालता त्यांनी मला सुईखालून सरळ चालवलं. खट खट खट. माझ्या कडेला भोकांची रांग उमटली आणि मास्तरांनी ती कड फाडून वेगळी केली.

दादा म्हणाले, "अगं, याला दात आले! मोज की."

बाई हसल्या, मला नव्या कागदावर ठेवलं, दोनदा सरकवलं.

"आठ," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर आठ."