उकळतं पाणी आणि प्राणकलश

स्टुटगार्टमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये साठ मराठी इंजिनियर एका मडक्यापुढे हात जोडून बसले होते. मडक्यात चिखल, चिखलात एक आणि वर एक अशा स्टीलच्या दोन जाळ्या, त्यांना जोडलेला लुकलुकणारा लाल दिवा.

"बॅटरी शोधून दाखवा," ऊर्जानंद महाराज म्हणाले. "हा प्राण आहे. रोज साखरपाण्याचा नैवेद्य दाखवा, उरलेलं तीर्थ म्हणून प्या. मग कसली इंजेक्शनं?"

त्या साठांतल्या रोहनने मल्टिमीटर लावला. "व्होल्टेज खरं आहे," तो म्हणाला आणि पाया पडला.

देवश्रीने कपाळाला हात लावला. तिच्या सासऱ्यांनी, वासुदेवरावांनी, चार दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. सकाळी रक्तातली साखर तीनशे चाळीस. इन्सुलिनचं पेन तिच्या पिशवीतच होतं.

"नाना, अहो, घरी चला."

"थांब गं. दिवा बघ."

दिवा ती रोजच बघायची. तिची नोकरीच ती होती. तिने पिशवीतून प्रयोगशाळेतला डबा काढून टेबलावर ठेवला. चिखल, जाळ्या, लुकलुकता दिवा.

"मंत्र कोणता?" रोहनने विचारलं.

"कुठलाच नाही. प्रयोगशाळेत दिवसभर फ्रिज कोणी पुसायचा यावर भांडणं चालतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे भांडणाच्या ध्वनिलहरी," मागून कोणीतरी जर्मन झोकत म्हणालं.

देवश्रीने दात आवळले. चहाच्या थर्मासमधलं उकळतं पाणी तिने आपल्या डब्यात ओतलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. तीन आठवड्यांचं काम गेलं.

"आता तुमच्या मडक्यात ओतू, महाराज?"

महाराजांनी मडकं मांडीवर ओढलं. "भाजेल."

"कोण भाजेल?"

महाराजांनी मडक्यावर उपरणं टाकलं.

"मी सांगते. जंतू! खालच्या जाळीवर त्यांचा बुळबुळीत थर असतो. ते साखर खातात आणि इलेक्ट्रॉन धातूला देतात. हे इलेक्ट्रॉन तारेतून हवेतल्या जाळीकडे निघतात. ही चिमूटभर वीज एक छोटं सर्किट साठवतं आणि झटक्यात दिव्याला देतं. नैवेद्य चुकला की जंतू उपाशी, दिवा मंद. व्होल्टेज मोजलंत, छान केलंत. पण ते येतं कुठून, हे साठांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही? हात जोडण्याआधी एवढं तरी विचारा."

नानांनी विझलेला डबा जवळ ओढला.

"म्हणजे जंतूंना साखर चालते आणि मला नाही?"

"त्यांना चिखलही चालतो, नाना."

नानांनी सदरा वर केला. "टोच," ते म्हणाले.