एक गाय कमी

गोदूबाईच्या गोठ्यात गाई किती, हे अख्ख्या कल्याणात कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. सासूकडून आलेला नियम होता. गाई नावाने ओळखायच्या, मोजायच्या नाहीत. कोणी अगदीच खनपटीला बसलं तर एक कमी सांगायची. पुरा आकडा तोंडातून गेला की दृष्ट लागते आणि गोठा रिता होतो. दुधाचंही तेच. गिऱ्हाइकांच्या घरी घालून झालं की तळाचं ओंजळभर दूध गोठ्याच्या दाराशी ओतायचं, म्हणजे आज किती निघालं हे तिचं तिलाही सांगता येऊ नये. यावर कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं. पण ज्या घरातून नवरा आणि एकुलता मुलगा मागोमाग गेले आणि गाई तेवढ्या टिकल्या, त्या घरात गाईंचा नियम मोडायला कोण धजावेल?

घरात आता दोघीच होत्या. गोदूबाई आणि तिची विधवा सून शेवंती. शेवंती सासूशी बोलायची ती कामापुरतं. सासूही काही कमी नव्हती. सुनेने धार काढली की ही मागून जाऊन आचळ पुन्हा पिळून बघायची. शेवंतीला मूलबाळ नव्हतं, वय फारसं नव्हतं, आणि खडवलीला तिचा भाऊ धाकू तिच्या पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, बघत होता. दिवाळीनंतर येऊन घेऊन जातो, असा त्याचा निरोप होता. गोदूबाईने तो निरोप ऐकला आणि शेण भरायला घेतलं. राहा म्हणायला तिची जीभ वळत नव्हती, आणि जा म्हणायला मन होत नव्हतं.

रेल्वे येऊन तीसेक वर्षं झाली होती आणि सरकारला मोजायची हौस सुटली होती. माणसं मोजून झाली, विहिरी मोजून झाल्या, आता गुरं. तलाठी त्र्यंबकराव भाद्रपदात दारी आले.

"गोदूबाई, गाई किती?"

"हौशी, कावेरी, ढवळी, बिजली."

"नावं नकोत. संख्या सांग."

"चार," गोदूबाई म्हणाली.

पाचवी तांबडी होती. गाभण होती, आणि गोदूबाईने तिला सकाळीच रुळांपलीकडच्या गवतात पिटाळलं होतं. त्र्यंबकरावांनी चार लिहिल्या आणि ते पुढच्या घरी गेले. शेवंती दाराआडून सगळं बघत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

तांबडी दसऱ्याच्या सुमारास व्याली. आणि त्याच दिवसांत भिवंडीकडून बातमी आली की बुळकांडी आली आहे. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारीच. जनावराच्या तोंडाला फोड येतात, लाळ गळते, मग हगवण लागते आणि ते आडवं होतं. एका गोठ्यात शिरली की गोठा झाडून नेते. औषध नाही, उतारा नाही. धडधाकट जनावर आजाऱ्याजवळ जाऊ द्यायचं नाही, एवढंच माणसाच्या हातात.

अशात कोणीतरी उठवलं की तलाठी पुन्हा मोजायला येताहेत. गोदूबाईने काय करावं? दुसरं कोणी असतं तर दार लावून बसलं असतं. हिने वासराला दाव्याला ठेवलं आणि तांबडीला पुन्हा रुळांपलीकडे हाकललं. मोजणारे काही आले नाहीत. तांबडी मात्र वासराच्या ओढीने परत फिरली ती थेट रेल्वेच्या कुंपणात, आणि रेल्वेच्या माणसांनी तिला धरून कोंडवाड्यात घातली.

बातमी कळली तशा दोघी धावत निघाल्या. घरी वासरू हंबरत होतं. कोंडवाड्याच्या भिंतीशी पोचल्या तेव्हा आतून तांबडीचा आवाज आला आणि शेवंतीच्या जिवात जीव आला. फाटकाशी शिपाई उभा होता.

"दंड भरा आणि लवकर न्या बाई," तो म्हणाला. "खाडीच्या घाटावर भिवंडीकडच्या गाड्या अडवल्यात. बैलांच्या तोंडाला फेस आलाय. कोंडायला दुसरी जागा नाही, ते इथंच आणतायत. निघालेत तिथून."

ओसरीवर त्र्यंबकराव बसले होते. त्या आठवड्यात दोघं लफंगे दुसऱ्यांच्या गाई आपल्या म्हणून सोडवून घेऊन गेले होते, म्हणून ओळख पटवायला त्यांना मुद्दाम आणून बसवलं होतं. त्यांनी गोदूबाईकडे बघितलं, गाईकडे बघितलं.

"तुझ्या चारही गाई घरी आहेत ना?"

"हायेत."

"मग ही कोणाची?"

त्र्यंबकराव वाईट माणूस नव्हते. त्यांना काय झालं असेल ते तेव्हाच समजलं असावं, कारण ते आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, मी काही तुला बेडी घालत नाही. पाच आहेत म्हण. मी दुरुस्ती करतो आणि गाय सोडतो. पण ते तुझ्या तोंडून आलं पाहिजे. उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?"

केवढीशी ती गोष्ट, एक शब्द. गोदूबाईने तोंड उघडलं. मग तिच्या डोळ्यांपुढे घरच्या चौघी आल्या असाव्यात, दाव्याला बांधलेल्या, रवंथ करणाऱ्या. बुळकांडी कोसावर आलेली आणि आपण भर कचेरीच्या माणसापुढे पुरा आकडा उच्चारायचा? तिने तोंड मिटलं.

"सांगा ना आत्याबाई," शेवंती म्हणाली. "एवढ्या हटून काय बसलाय?"

"नाय सांगता येत."

"तांबडी मरंल."

"त्या चार मरतील."

शेवंतीला संताप आला. ह्या म्हातारीच्या नियमापायी गाय इथे आली आणि आता नियमापायीच मरणार. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर धूळ उठली. पुढचा बैल दिसला. मान खाली, पाय ओढत चाललेला, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. शिपाई फाटकाकडे गेला.

"रावसाहेब," गोदूबाई म्हणाली, "माझ्या चारच हायेत. ही माझी नाय. ही हिची हाय." आणि तिने सुनेकडे बोट केलं.

त्र्यंबकराव शेवंतीकडे बघायला लागले. शेवंती सासूकडे.

"नुस्तं बोलायला म्हणताय, का खरंच?" तिने हळूच विचारलं.

गोदूबाईला कळत होतं आपण काय करतो आहोत ते. नुकती व्यालेली, दोन्ही वेळा भांडं भरणारी गाय. अशी गाय स्वतःची असली तर बाईला सासरी राहायची गरज उरत नाही. खडवलीला ती मानाने जाईल, भावजय तिला ताटावर बोलायची नाही. आपण आपल्याच हाताने तिला वाट करून देतो आहोत. म्हातारीला रडू आलं आणि ते तिने दाबलं नाही.

"तोंडानं दिलं ते दिलं," ती म्हणाली. "वासरू पण तुझं."

"मग मोजणीच्या दिवशी तू का नाही बोललीस?" त्र्यंबकरावांनी शेवंतीला विचारलं.

"मला कुणी इचारलंच नाय," शेवंती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. त्र्यंबकरावांनी शिपायाला हात केला. शेवंतीने दंडाची रक्कम ओसरीवर टाकली, आत शिरून तांबडीचं दावं धरलं आणि तिला ओढत बाहेर काढलं. बैल हाकेच्या अंतरावर आले होते. तिने पदर सोडून गाईच्या नाकातोंडावर दाबला आणि रस्ता सोडून सरळ बांधावरून शेतात उतरली. तांबडी घराच्या दिशेला ओढ घेत होती, तिला वासराचा ध्यास. मागे फाटक उघडल्याचा आवाज आला. शेवंतीने वळून पाहिलं नाही.

गोदूबाई धापा टाकत मागून आली.

"घरी नको आणू तिला," ती म्हणाली. "त्या जागेत होती. काय लागलं असंल तर चौघींना लागंल. वालधुनी नदीच्या पल्याड ने, विठ्ठलवाडीला. देवळामागं गवत हाय. वासरू मी नदीकाठी आणून देते."

म्हणजे गाय दिली आणि घरही बंद केलं, असंच शेवंतीला वाटलं. विठ्ठलवाडीच्या गवतात तिने पेंढ्याचं खोपट केलं, तांबडीला खुंटीला बांधलं आणि रोज उठून आधी तिच्या तोंडात बोटं घालून बघायला लागली. फोड आहे का, अंग तापलंय का. पहिले काही दिवस तिला झोप अशी लागलीच नाही. वासरू मात्र खुशाल लुचत होतं.

नदीच्या अलीकडे गोदूबाईचा गोठा. दिवेलागणीला गाई चरून यायच्या वेळी ती काठावर उभी राहून हाका मारायची. तिची मोजणी ती एवढीच. वारा नदीवरून यायचा आणि शेवंतीला ऐकू यायचं.

"हौशेऽ, कावेरेऽ, ढवळेऽ, बिजलेऽ."

तांबडीचं नाव ती घेत नव्हती. दिलेल्या गाईला हाक मारायची नाही, असा तिचा हिशेब असावा. तांबडी मात्र कान टवकारून तिकडे बघायची.

मग एका संध्याकाळी हाकेत कावेरी आली नाही. शेवंतीला वाटलं वाऱ्याने नाव नेलं असेल. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम काठाशी येऊन उभी राहिली. हौशी, ढवळी, बिजली. पलीकडे गोदूबाईची आकृती दिसत होती. शेवंतीने ओरडून विचारलं, "काय झालं?" म्हातारीने फक्त हात हलवून तिला मागे हो म्हणून खूण केली.

बुळकांडी गोठ्यात शिरली होती. कोंडवाड्यातून नाही, पाणवठ्यावरून. घाटावरचे बैल ज्या पाण्याला लागले, तिथेच गावची गुरं लागत होती. गोदूबाईने आकडा तोंडातून काढला नव्हता, नियम तंतोतंत पाळला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढे बिजली गेली. मग हौशी. त्यांची वासरंही. रोज सांजेला शेवंती श्वास धरून उभी राहायची आणि नावं ऐकायची. आता नदी ओलांडून जावं, म्हातारीच्या जवळ बसावं, असं तिला फार वाटायचं. पण तिथला रोग हातापायांवर घेऊन मग पुन्हा तांबडीकडे येता आलं नसतं.

याच दिवसांत धाकू आला. खोपट, गाय, वासरू सगळं बघून खूश झाला.

"गाय तुझी आणि तू मोकळी," तो म्हणाला. "आता कशाला थांबतेस? पलीकडं तर सगळं आटोपलंच."

"अजून ढवळी हाय," शेवंती म्हणाली.

"तुझा काय संबंध ढवळीशी?"

ढवळीची धार काढताना सासूने किती वेळा आपल्याला उठवून बाजूला केलं, ते तिला आठवत होतं. राग अजून होता. तरी सांज झाली तशी ती काठाशी गेली. धाकू मागे आला.

पलीकडे गोदूबाई येऊन उभी राहिली. हाक मारायला नावच उरलं नव्हतं. मग तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"शेवंतेऽ."

एवढंच. शेवंती तिथेच खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. धाकू काय समजायचं ते समजला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच खडवलीला गेला.

गोदूबाईने गोठ्याची जमीन खणून टाकली, दावी-खुंट्या जाळल्या, भिंतींना चुना लावला. थंडी सरेपर्यंत शेवंतीने गाय पलीकडेच ठेवली. रोज दूध काढून काठावर ठेवायची आणि गोदूबाई येऊन घेऊन जायची. आसपास कुठे रोग राहिला नाही असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा कुठे ती तांबडीला आणि वासराला घेऊन नदी उतरून आली. गोदूबाईने गाईच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. राहणार आहेस का, हे तिने सुनेला तेव्हाही विचारलं नाही. विचारायची तिला भीती वाटत होती.

फाल्गुनात त्र्यंबकराव पुन्हा आले. रोगानंतर किती जनावरं राहिली आणि दूध किती निघतं, ते सरकारला हवं होतं. सबंध तालुक्यात फिरून त्यांचा चेहरा उतरला होता. घरोघर तेच ऐकत आले होते.

"गोदूबाई, दुभत्या गाई?"

"नाय," गोदूबाई म्हणाली. "माझ्या चारी गेल्या."

त्यांनी लिहिलं. मग मान वर करून दाराकडे बघितलं. या खेपेला ते विसरले नाहीत.

"आणि तुझ्या?" त्यांनी शेवंतीला विचारलं.

परसात तांबडी रवंथ करत होती. तिच्या गळ्यातली घंटा सगळ्यांना ऐकू येत होती. ती गाय स्वतः त्र्यंबकरावांनीच सोडली होती. गोदूबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. आपल्या गाईचा आकडा कसा सांगायचा तो तिचा प्रश्न होता. ज्याला गाय घेऊन निघून जायचं आहे, त्याने या गोठ्याची चिंता कशाला करावी?

शेवंतीने परसाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"एकपण नाय, रावसाहेब," ती म्हणाली.

त्र्यंबकरावांनी घंटेचा आवाज ऐकला. टाक दौतीत बुडवला आणि कागदावर पूज्य लिहिलं. ते उठायला लागले तशी गोदूबाई म्हणाली, "बसा जरा." आणि तिने आत जाऊन तांब्याभर दूध आणलं. त्र्यंबकराव ते वरून घटाघटा प्यायले.

ते गेल्यावर शेवंतीने भांड्याच्या तळाचं ओंजळभर दूध गोठ्याच्या दाराशी ओतलं आणि संध्याकाळच्या धारेला बसली. गोदूबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. आचळ मात्र तिने पुन्हा पिळून बघितलं नाही.