लाल पट्ट्यांच्या वरचं झाड

"हे कुणी लावलंय?" वेलसिनने विचारलं, आणि पाणलोट मंडळाची बाकीची तिघं एकदम झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागली.

समोर साकावचं पुरुषभर उंच झुडूप होतं, आठ-नऊ वर्षांचं; ह्याचीच मुळं कुटून बेटावरचं मानाचं, गुंगी आणणारं पेय करतात. जंगलाची हद्द दाखवायला झाडांच्या बुंध्यांवर ओढलेल्या लाल पट्ट्यांच्या वर, डोंगराच्या बाजूला, झऱ्यापासून वीस पावलांवर. पट्ट्यांच्या वर काही लावायचं नाही, हा मंडळाचा नियम. पट्टे रंगवायचं काम दरवर्षी वेलसिनचं. वरच्या ओल्या मातीत साकाव जोमानं पोसतं हे अख्ख्या पोनपे बेटाला ठाऊक होतं. पण त्यासाठी जंगल तोडलं की पावसात डोंगर खचतो आणि गावाच्या नळाला चिखल येतो. म्हणून वेलसिन या बाबतीत भलताच खडूस. चुलतभाऊ पेर्नार्दोची चाळीस रोपं त्यानं सगळ्यांदेखत उपटायला लावली होती.

"मूग गिळलेत का सगळ्यांनी? बोला की!"

शेवटी पेर्नार्दोच बोलला. "वहिनीनं लावलं."

वेलसिनच्या बायकोला, रोझिनाला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"तुला गावाचा मानाचा किताब मिळेल, त्या मेजवानीसाठी," पेर्नार्दो म्हणाला. "ह्यांना कळलं तर उपटतील, तुम्हाला माझी शपथ, म्हणाली. मग काय करणार आम्ही?"

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"गावाला माहीत होतं, दादा," शाळेत शिकवणारी मर्लीन हळूच म्हणाली. "तुम्ही रंगाचा डबा घेऊन निघालात की ह्या बाजूचे पट्टे आम्हीच रंगवून टाकायचो."

"एका झाडानं काय झरा आटतोय?" अध्यक्ष कास्पर वळत म्हणाला. "चला पुढे."

वेलसिनलाही तेच हवं होतं, अगदी मनापासून. तिची फणी घरात होती, चपला होत्या. पण फणी काही वाढत नाही. हे मात्र वाढत होतं. त्यानं पेर्नार्दोकडे पाहिलं. टोमणा मारायचा पेर्नार्दोला पुरता हक्क होता. पण त्यानं हातातली पहार गुपचूप पाठीमागे लपवली.

"आण ती इकडे," वेलसिन म्हणाला.

कुणाला हात लावू न देता त्यानं मुळं खणली. खणताना तो रडला, आणि "काय गं हे, काय केलंस हे," असं मोठ्यानं म्हणाला. मग खड्डा बुजवून माती पायानं नीट दाबली.

दुपारी सभागृहातल्या सपाट दगडावर मुळं कुटली गेली. चुकलेल्यानं साकाव घेऊन जायचं आणि समोरच्यानं ते प्यायलं की माफी, ही तिथली रीत. वेलसिनने पहिली करवंटी पेर्नार्दोपुढे धरली.

"माझ्या घरचं चुकलं. तुझी चाळीस गेली, आमचं एक लपून राहिलं."

"वेडा आहेस तू," पेर्नार्दो म्हणाला आणि त्यानं एक मोठा घोट घेतला.

दुसरी करवंटी मानानं कास्परची. त्यानं ती घेतली, जरा वेळ पाहिली आणि वेलसिनच्या हातात ठेवली. "घे. तुझ्याच मेजवानीचं आहे."

वेलसिनने डोळे मिटून घोट घेतला. साकाव जबरदस्त कडक होतं. रोझिनाचंच खरं होतं, खालच्या मातीत असं झालं नसतं.

एक घोट घेऊन करवंटी पुढे द्यायची असते. वेलसिन ती दोन्ही हातांत धरून बसून राहिला. कुणीही हात पुढे केला नाही.