उगवतीकडची साल

देवीदासने ग्लास तोंडाला लावला, डोळे मिटले, काढा एका दमात घशाखाली उतरवला आणि नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. माणिकबाईने गुळाचा खडा पुढे धरला.

“कसं वाटून राह्यलं?”

“बरं वाटून राह्यलं.”

हे उत्तर दिवाळीपासून तयार होतं. तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याचं हृदय थकल्याचं सांगितलं होतं. मीठ बंद, पाणी मोजून, गोळ्या चुकवायच्या नाहीत. “बरे होतील ना?” असं माणिकबाईने विचारलं, तर डॉक्टर बराच वेळ चष्माच पुसत राहिले. घरी आल्यावर तिच्या घशाखाली घास उतरेना. मग कोणीतरी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवला. संत्र्याच्या बागेच्या टोकाला, नाल्यावर, देवीदासच्या आज्याच्या वेळचा अर्जुन उभाच होता. काढा सुरू झाला आणि एका संध्याकाळी तिचं न शिवलेलं ताट पाहून देवीदास म्हणाला, “आज दम नाई लागला बाप्पा.” त्या रात्री माणिकबाई दोन भाकरी जेवली.

दम लागला होता. पण ज्या काढ्याने बायको जेवते, त्याला नावं कोण ठेवणार?

चूक एवढीच झाली, की माणिकबाईने हा गुण संक्रांतीच्या हळदीकुंकवात सांगितला. पाटाचं पाणी अडवता येतं. बायकांमध्ये गेलेली बातमी अडवता येत नाही. गुडघेवाले आले, शुगरवाले आले. अकोल्याचा एक गृहस्थ सुनेच्या रागावर औषध म्हणून पिशवीभर साल घेऊन गेला. जाताना सगळे ओट्यावर बसलेल्या देवीदासला निरखून पाहत, दुकानाच्या दारातला साडी नेसलेला पुतळा पाहावा तसे. तोही छाती पुढे काढून बसे आणि गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं, की मग धापा टाके.

उन्हाळा लागला, तसे त्याचे पाय सुजू लागले. मे महिन्यात मोजे घालणारा गावात तो एकटाच. “उन्हानं पाय भाजतेत,” असं तो सांगे. न्हाणीत एकटा असला की नडगीवर अंगठा दाबून बघे. खड्डा पडे, आणि भरून यायची त्याला मुळीच घाई नसे.

एक दिवस शेजारचे नत्थुजी कुऱ्हाड घेऊन नाल्याकडे निघालेले दिसले.

“नत्थुजी, एकाच बाजूनं काढा बरं. माहा बाप उगवतीकडून तळहाताएवढी काढे, अन् झाडाच्या पाया पडे.”

“तुमाले एवढा गुण आला, अन् आमाले तळहाताएवढी? असं नका करू भाऊ.”

यावर एकच उत्तर होतं, की गुण आलेला नाही. पण माणिकबाई उंबऱ्यात ज्वारी निवडत बसली होती आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणत होती. देवीदासने ते उत्तर गिळलं. ते काढ्यापेक्षा तुरट होतं.

पुढच्या आठवड्यात संत्र्याच्या खोडांना लावायचा मोरचूद-चुना डब्यात घेऊन तो नाल्याकडे निघाला. चार झाडं झाली की थांबे आणि कीड शोधल्यासारखं पान उलटून बघे. बागवानाला थांबायला कारण शोधावं लागत नाही, तेवढंच त्या धंद्याचं सुख.

अर्जुनाची साल डोक्याएवढ्या उंचीपर्यंत चारही बाजूंनी गेली होती. वर पानं हिरवीगार. संत्रावाल्याला हे कोणी सांगायला नको. साल गोल सोलली की झाड त्या दिवशी मरत नाही. वरून हिरवं दिसत राहतं आणि खाली मुळं उपाशी पडत जातात. तरी त्याने ब्रश बुडवला आणि तो उघड्या लाकडाला निळा लेप द्यायला लागला.

घरातली साल संपली म्हणून माणिकबाईही विळा घेऊन मागोमाग आली होती. तिने खोडाभोवती एक फेरी मारली. विळा कुठे लावावा, ते तिला कळेना.

“पानं तं हिरवी हायेत,” ती म्हणाली.

“दिसतेत काही दिवस.”

तिचाही जन्म संत्र्यातच गेला होता. ती लाकडावर हात ठेवून उभी राहिली.

“तुमी अडवलं काहून नाई त्यायले?”

देवीदास ब्रश फिरवत राहिला. मग उभं राहवेना, म्हणून मुळीवर बसला. बसताना पायजमा वर सरकला आणि मोज्याचा काठ मांसात रुतलेला दिसला.

माणिकबाई खाली बसली. तिने मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. विहिरीत बादली सुटल्यावर वाकून बघावं, तशी दोघं त्या खड्ड्याकडे बघत राहिली. ती आता बोलेल, म्हणून देवीदास वाट पाहत होता. तिने शाळेत जाणाऱ्या पोराला घालावा, तसा मोजा पुन्हा नीट वर ओढला.

“चला. काढ्याची वेळ झाली.”

घरी आल्यावर तिने नेहमीचाच अर्धा ग्लास आणून दिला. देवीदासने घोट घेतला. कोमट पाणी होतं, तुळशीची दोन पानं टाकलेलं. तुरटपणाचा पत्ता नव्हता. समोर ती गुळाचा खडा घेऊन उभी होती.

त्याने डोळे मिटले, ग्लास संपवला आणि तोंड वाकडं केलं.

“तुरट हाये?”

“लय.”

“कसं वाटून राह्यलं?”

“बरं वाटून राह्यलं.”

तिने गूळ दिला. मग स्वतःचं ताट वाढून ती त्याच्या समोरच बसली आणि, त्याला नीट दिसेल अशी, एकेक घास पाण्यासोबत उतरवत दोन्ही भाकरी जेवली.